पहिल्या गाडीची डबल घंटी

तेल्हाऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या पहिल्या गाडीने मी किती वर्षं अपडाऊन करते आहे, ते सांगणार नाही. सांगितलं की लोक लगेच माझं वय काढतात. सकाळची शाळा, शाळेचं गाव रस्त्यावरचं आणि वेळेत पोहोचवणारी गाडी एकच, एवढं कळलं तरी पुरे. पहिल्या गाडीतली माणसं म्हणजे न मागता मिळालेलं गणगोत. कोण कुठे बसणार, कोण खिडकीवरून भांडणार, कोण अकोट येईपर्यंत घोरणार, सगळं ठरलेलं. या गाडीच्या कंडक्टर पौर्णिमा तायडे. त्यांच्याविषयी गावात असं बोललं जातं की बाईचे हात गेले, साहेबांना दया आली आणि म्हणून नोकरी टिकली. हे साफ खोटं आहे. मी सगळं डोळ्यांनी पाहिलं आहे आणि खोटं ऐकून गप्प बसायची मला सवय नाही, म्हणून लिहायला बसले.

पौर्णिमाबाईंचे वडील डोमाजी तेल्हाऱ्याच्या स्टँडवर हमाल होते. तेव्हा सामान गाडीच्या टपावर जायचं. पोती, ट्रंका, नवरीच्या संसाराची भांडी, सगळं डोक्यावर घेऊन डोमाजी मागच्या लोखंडी शिडीने वर चढत आणि लहानगी पौर्णिमा खाली उभी राहून बापाचे तळवे वर वर जाताना बघत राही. गाडीच्या आत बसायचा योग तिला वर्षाकाठी एखाद्या वेळी यायचा. पुढे ती शिकली, कंडक्टरच्या भरतीत लागली, खाकी गणवेश आणि बिल्ला घेऊन आली. पहिल्या दिवशी डोमाजी धुतलेलं धोतर नेसून प्रवासी म्हणून गाडीत बसले. लेकीने बापाकडून पैसे घेतले आणि तिकीट फाडून हातात दिलं. म्हातारा ते तिकीट स्टँडवर सगळ्यांना दाखवत फिरला. "मी टपावर होतो, पोरगी आत हाय," असं ज्याला त्याला सांगत होता. त्यांच्या या वाक्याची गोष्ट मी पौर्णिमाबाईंच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. दर वेळी ती सांगताना त्या खाकी शर्टाची कॉलर नीट करतात.

बाई कामाला चोख. आवाज असा की मागच्या सीटवर घोरणाऱ्याला आपला फाटा आला हे कळतं. सुट्ट्यासाठी कुणाला ताटकळवलं नाही, म्हाताऱ्याला हाताला धरल्याशिवाय चढवलं नाही, आणि दारूडा कितीही मोठ्या घरचा असला तरी त्याला खाली उतरवायला मागेपुढे पाहिलं नाही. ड्रायव्हर नत्थुजी गावंडे. हा गृहस्थ बोलतो कमी आणि बोललाच तर समोरच्याला झोंबतं. त्यांचा एकच नियम: घंटी नाही तर गाडी नाही. आमच्या गाडीला अजून जुनी दोरीची घंटी आहे. छताखालून दोरी जाते, कंडक्टरने एकदा ओढली की थांबा, लागोपाठ दोनदा ओढली की चला. पुढे बसलेल्या नत्थुजींना मागचं काही दिसत नाही. त्यांचा सगळा भरवसा त्या दोरीवर आणि ती ओढणाऱ्या हातावर.

तो हातच बिघडला. करोनानंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा जाणवलं. बाई सुट्टे पैसे देताना नाणं बोटांनी न उचलता तळहातावरून घरंगळवून माझ्या हातात टाकत होत्या. मी म्हटलं, काय हो, एवढा काय तोरा. त्या हसल्या. पण दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली मी तेव्हा पाहिली.

मग सुरू झाली इलाजांची वरात. निर्गुडीचा पाला बांधून झाला, एरंडेल पिऊन झालं. एका जाणत्या म्हणवणाऱ्याने बिब्ब्याचे चटके दिले, त्याचे डाग मनगटावर अजून आहेत. दही सोडलं, वांगं सोडलं, भात सोडला. गाडीतला प्रत्येक माणूस वैद्य झाला होता. मी सगळ्यांवर ओरडले, पण माझंही एक तेल होतंच, तेही त्यांनी निमूटपणे लावलं. सकाळी उठल्यावर मूठ मिटलेली असेल तर उघडत नसे आणि उघडी असेल तर मिटत नसे. नवरा धर्मेंद्र वेणी घालून द्यायचा. तो इलेक्ट्रिकची कामं करणारा माणूस, वेणी वायर पिळल्यासारखी घट्ट घालायचा. दिवस वर आला की हात हळूहळू सैल पडत. दुपारच्या फेरीला त्यांना पाहणारा म्हणाला असता, या बाईला काही झालेलं नाही.

शेवटी मुलगी रश्मी, जी नर्सिंग शिकत होती, आईला ओढून अमरावतीला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. हा आमवात आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हातारपणाची झीज नाही. शरीराची राखण करणारी ताकदच चुकून सांध्यांवर उलटली आहे. बरा होऊन कायमचा जाईल असं वचन त्यांनी दिलं नाही. पण आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी आणि तिच्या जोडीला दुसऱ्या गोळ्या दिल्या, मधून मधून रक्त तपासायला बजावलं, आणि गुण यायला काही महिने लागतील, तोवर धीर धरा म्हणाल्या. नोकरी करू नका असं त्या एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. उलट आगारासाठी चिठ्ठी देते, सकाळची ड्यूटी थोडी उशिराची मागा, असं सुचवलं. पौर्णिमाबाईंनी चिठ्ठी घेतली नाही.

त्यांना भीती वाटत होती. आगारात एकदा कळलं की आपल्यावर शिक्का बसेल, लाईनवरून काढून कुठेतरी टेबलामागे बसवतील, आणि मग हळूहळू माणसं म्हणतील, कशाला येते बिचारी. हे ‘बिचारी’ त्यांना नको होतं. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं की मॅडम, तुम्ही काही पाहिलं नाही. मला ते पटलं नव्हतं, पण मी मान हलवली.

गाडीपासून मात्र काही लपत नाही. पहिल्या गाडीत मैनाबाई असतात, अकोटच्या बाजारात पालेभाजी विकणाऱ्या. त्यांची टोपली दाराशी, त्या स्वतः कंडक्टरच्या मागच्या सीटवर, आणि त्यांची जीभ सगळ्या गाडीभर. एका थंडीच्या सकाळी पौर्णिमाबाईंनी घंटीसाठी हात वर केला, बोटं दोरीभोवती वळेचनात. त्यांनी मनगट अडकवून पाहिलं, ते सटकलं. कुणाला कळायच्या आत मैनाबाईंनी मागून हात लांबवला आणि दोनदा दोरी ओढली. गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग तो रिवाजच पडला. अकोट येईपर्यंत घंटी मैनाबाईंची, पुढे ऊन चढलं की पौर्णिमाबाईंची. दार उघडायला-लावायला दाराजवळचा कुणीही. तिकिटाच्या यंत्राची बटणं दाबायला बाईंनी स्वतःच युक्ती काढली होती. जाड पेनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, तो तळहातात धरून त्याच्या टोकाने बटणं दाबायच्या. ते काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नाही. पण घंटी त्यांनी सोडली, आणि सगळ्या गाडीला त्यात आपण काही मोठं पुण्य करतोय असं वाटत होतं. मलाही वाटत होतं. नत्थुजींना पुढे बसून फक्त ठण्‌ ठण्‌ ऐकू यायचं. दोरी कोण ओढतंय ते त्यांना माहीत नव्हतं.

आपलेपणाने केलेलं काम कसं अंगाशी येतं ते बोरखेड फाट्यावर कळलं. सकाळचं धुकं होतं. फाट्यावर सुंदराबाई नावाच्या आजी उभ्या होत्या, अकोटला लेकीकडे निघालेल्या. त्यांनी आपली पिशवी आत ठेवली, एक पाय पायरीवर टाकला आणि काठी खालीच राहिली म्हणून परत मागे वळल्या. पौर्णिमाबाई पुढच्या बाजूला तिकीट देत होत्या. मैनाबाईंना दारात पिशवी दिसली, म्हणजे आजी चढल्या असं त्यांनी धरलं आणि दोरी दोनदा ओढली. नत्थुजींनी घंटीवर भरवसा ठेवून गाडी सोडली. दांड्याला धरलेल्या सुंदराबाई दोन पावलं ओढल्या गेल्या आणि रस्त्यावर पडल्या.

आरडाओरडा झाला, गाडी थांबली. सगळ्यांत आधी पौर्णिमाबाई खाली उतरल्या. आजींना मांडीवर घेऊन त्यांनी हात-पाय पाहिले. गुडघा सोलवटला होता, मनगट सुजत चाललं होतं. नशिबाने त्याहून जास्त काही नव्हतं. आजी स्वतःच म्हणत होत्या की मले काई नाई झालं, पोरी, गाडी चालू दे. गाडीतल्या दहा जणांनीही तेच सांगितलं, जाऊ द्या, कुणाला कळणार आहे. बाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. गाडी सरळ अकोटच्या सरकारी दवाखान्यात नेली, आजींच्या मनगटाला पट्टी होईपर्यंत तिथे थांबल्या, आणि परतल्यावर आगारात जाऊन घडलेलं स्वतः सांगितलं. फक्त एक गोष्ट वेगळी सांगितली. घंटी मीच दिली, असं म्हणाल्या.

मैनाबाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. चौकशी होईपर्यंत त्यांना लाईनवरून उतरवलं. आमच्या गाडीवर दुसरा कंडक्टर आला, तरणाताठा, दोन्ही हात धडधाकट. त्याने कुणाला हाताला धरून चढवलं नाही आणि फाट्यांची नावंही पुकारली नाहीत. आम्ही त्याच्याशी उगाच भांडत राहिलो. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण राग कुठे तरी काढायचा होता.

मैनाबाईंची जीभ त्या दिवसापासून आटली. भाजी विकताना भावही नीट सांगेनात. शेवटी एके दिवशी माझी शाळा सुटेपर्यंत रस्त्यावर बसून राहिल्या आणि म्हणाल्या की मॅडम, माह्यासंगं आगारात चाला, तुमाले साहेबाशी बोलता येते. मी गेले. आणि तिथे गेल्यावर त्यांनी मला एक शब्द बोलू दिला नाही.

आगाराचे साहेब खुर्चीत बसले होते, पौर्णिमाबाईंना त्याच दिवशी जबाबासाठी बोलावलेलं होतं, आणि नत्थुजी भिंतीशी उभे होते. मैनाबाई टोपलीसकट आत घुसल्या. "साहेब, घंटी म्या ओढली," त्या म्हणाल्या. "या बाईचा हात सकाळी उघडतच नाई. आमी रोज ओढतो. इले काढू नोका, मले काय करायचं ते करा."

मी डोळे मिटले. पौर्णिमाबाईंनी दोन हिवाळे जे लपवलं होतं, ते मैनाबाईंनी एका श्वासात साहेबांच्या टेबलावर ओतलं होतं. वाचवायला आल्या आणि बुडवून मोकळ्या झाल्या. नत्थुजींनी भिंतीशी उभ्या उभ्या मान वळवून पौर्णिमाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो योग्यच होता. ज्या घंटीवर डोळे मिटून ते गाडी सोडत होते, ती भलत्याच हातात होती. "मले तरी सांगाचं होतं," एवढंच ते म्हणाले. पौर्णिमाबाईंची मान तेव्हा पहिल्यांदा खाली गेली.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मैनाबाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग पौर्णिमाबाईंना समजावणीच्या सुरात म्हणाले की एवढं होईपर्यंत अंगावर कशाला काढलंत, चौकशीच्या खिडकीवर जागा आहे, तिथे बसा, गाड्यांच्या वेळा सांगा, हातांना आराम पडेल, नोकरीही राहील. दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. मलाही वाटलं, सुटल्या.

पौर्णिमाबाईंनी मान वर केली. "साहेब, चुकी माही हाय. घंटी कंडक्टरची असते, ते म्या दुसऱ्याच्या हाती देली, त्याची जे शिक्षा असंल ते द्या," त्या म्हणाल्या. "पण खिडकीत बसवू नोका. माहे पाय चालते, डोकं चालते, तोंड तं गाडीच्या पुढं चालते. हाताले सकाळी उशीर होते, तेवढंच. मले एक डाव पाहून तं घ्या."

साहेबांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी नियमाप्रमाणे जे होतं ते सांगितलं. चुकीबद्दल वेतनवाढ थांबेल. आधी वैद्यकीय तपासणी, अमरावतीच्या डॉक्टरांचं लेखी मत, आणि ते अनुकूल असेल तर निरीक्षकांच्या समोर एक पूर्ण फेरी. त्या फेरीत प्रत्येक घंटी कंडक्टरनेच द्यायची. जमलं तर लाईन, नाही जमलं तर खिडकी, आणि मग पुन्हा तक्रार नको. फेरी दुपारची लावतो, असंही ते म्हणाले. दुपारी बाईंचे हात बरे असतात हे एव्हाना साहेबांना कळलं होतं. ही त्यांची सवलतच होती. पौर्णिमाबाईंनी ती नाकारली आणि पहिलीच गाडी मागितली. हात बंद असतात तेव्हाच पाहा म्हणाल्या, दुपारी काय कुणीही वाजवेल. मला त्या वेळी त्यांचा संताप आला होता. एवढा कसला ताठा, असं वाटलं. आता वाटतं की तो ताठा नसता तर ही बाई केव्हाच खिडकीमागे गेली असती.

त्यानंतर महिनाभर आमच्या भागात पहाटे घंटी वाजत होती. तायडे माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. धर्मेंद्रने अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाडीतल्याच उंचीवर दोरी बांधली आणि टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटी अडकवली. रश्मीने आजीच्या मऊ लुगड्याची पट्टी कापून तिचा रुंद फासा शिवला. तो फासा दोरीत अडकवायचा, त्यात बोटं नव्हे तर मनगटाच्या वरचा हात घालायचा आणि कोपरापासून खाली ओढायचं. बोटांना कामच नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळीचं प्रमाण वाढवलं होतं आणि सांधे जपून काम कसं करायचं ते शिकवलं होतं, फाशाची कल्पना तिथूनच आली. उठायची वेळ पौर्णिमाबाईंनी आणखी अलीकडे ओढली. धर्मेंद्र बादलीभर कोमट पाणी आणून ठेवायचा, त्यात हात बुडवून त्या बसून राहायच्या, मग घंटी. शेजारच्या शकुनबाई पहिले काही दिवस झोपमोड होते म्हणून बडबडल्या. नंतर त्याच आमच्याकडे येऊन सांगू लागल्या की आज तिच्या दोन्ही घंट्या लागोपाठ झाल्या, काल दुसरीला अंतर पडलं होतं.

डोमाजी आता फार थकले आहेत, कानाने कमी ऐकतात. ते अंगणात खाटेवर बसून लेकीचा हात वर जाताना बघायचे. धर्मेंद्र सांगतो की घंटी वाजली की नाही हे ते दोरी हलली की ओळखायचे आणि मान डोलवायचे.

दरम्यान तपासणी झाली. हातात ताकद कमी आहे, पण पुरेशी आहे, साधनाच्या मदतीने काम करता येईल, असं मत आलं. फासा लावायची परवानगीही साहेबांनी दिली. ठरलेल्या सकाळी मी नेहमीपेक्षा आधी स्टँडवर पोहोचले, तर सगळी गाडी माझ्या आधी हजर. नेहमी पळत येऊन गाडी पकडणारे दोघे जणसुद्धा आपापल्या जागेवर. मैनाबाई टोपली ठेवून बसल्या आणि त्यांनी आपले दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून घेतले. कारण विचारलं तर म्हणाल्या की माह्या हाताचा भरवसा नाई, मॅडम.

पौर्णिमाबाई आल्या. खाकी इस्त्री केलेली, वेणी नेहमीसारखी वायर पिळलेली. छताच्या दोरीला त्यांनी लुगड्याचा फासा अडकवला. निरीक्षक मधल्या सीटवर बसले, गंभीर माणूस, इकडे तिकडे न बघता सरळ समोर बघणारा. बाहेर बोचरी थंडी होती. मी बाईंची बोटं पाहिली. सुजलेली होती.

तेल्हाऱ्याची घंटी झाली. पुढच्या फाट्याची झाली. तिकिटं होत होती, ट्यूब गुंडाळलेलं पेन चालत होतं, दार त्या खांद्याने लावत होत्या. गाडीत कुणी बोलत नव्हतं, आणि आमच्या गाडीत कुणी बोलत नाही हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग बोरखेड फाटा आला.

सुंदराबाई उभ्या होत्या. त्यांना आजचं सगळं ठाऊक होतं, मुद्दाम त्याच गाडीसाठी आल्या होत्या. आधी काठी आत दिली, मग पिशवी, मग स्वतः चढल्या. पौर्णिमाबाईंनी दंडाला धरून त्यांना सीटपर्यंत नेलं. आपल्या त्या गाजलेल्या आवाजात विचारलं, बसल्या का आजी. आजी बसली म्हणाल्या. मग पौर्णिमाबाईंनी दाराबाहेर वाकून पाहिलं, मागे पाहिलं, आणि हात फाशात घातला.

एक घंटी झाली आणि दुसरी झालीच नाही.

हात फाशात तसाच होता, पण खाली येत नव्हता. पौर्णिमाबाईंनी ओठ आवळले होते, कपाळावर त्या थंडीत घाम होता. एक घंटी म्हणजे थांबा, तशी गाडी इंजिन चालू ठेवून थांबलेली. मैनाबाईंचे खांदे वर आले, हात मांड्यांखालून निघू पाहत होते, आणि त्यांनी ते आणखी घट्ट दाबले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात नव्हता. माझ्या डोक्यावरून दोरी जात होती. मी बसल्या जागेवरून ओढू शकले असते. माझ्यासारख्या चाळीस माणसांच्या डोक्यावरून ती दोरी जात होती आणि एकानेही हात वर केला नाही.

निरीक्षकांनी पुढे वाकून ड्रायव्हरला विचारलं की गाडी का थांबली आहे.

नत्थुजींनी मागे पाहिलं नाही. "दुसरी घंटी नाई झाली, साहेब," ते म्हणाले. "बाई देईन तवा जाऊ. आमाले घाई नाई."

मला तेव्हा रडू आलं, ते मी लपवलं नाही. ज्या माणसाचा विश्वास मोडला होता, तोच स्टिअरिंगवर हात ठेवून तिची वाट बघत होता. पौर्णिमाबाईंनी ते ऐकलं. त्यांनी हात फाशातून काढला, दुसरा घातला, पाय रोवले आणि सगळ्या अंगाने खाली ओढलं. ठण्‌ ठण्‌. दोन्ही, लागोपाठ, गाडीच्या पार पुढच्या काचेपर्यंत ऐकू जातील अशा. नत्थुजींनी गिअर टाकला.

अकोल्यापर्यंत एकही घंटी चुकली नाही, असं नत्थुजींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी त्याआधीच माझ्या शाळेच्या गावी उतरले होते. निरीक्षकांनी काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, पण पौर्णिमा तायडे लाईनवर राहिल्या. नंतर त्यांनी स्वतःहून साहेबांना सांगितलं की कडक थंडीचे दोन महिने उन्हं वर आल्यावरची गाडी द्या, बाकी वर्ष पहिलीच. ते मान्य झालं. त्यांनी मागताना मान खाली घातली नाही, आणि देणाऱ्याने उपकाराची भाषा केली नाही. आजाराने त्यांना सोडलेलं नाही. काही आठवडे बरे जातात, काही वाईट. वाईट आठवड्यात त्या जास्त ओरडतात, आणि आम्ही ऐकून घेतो.

म्हणून दयेची गोष्ट कुणी सांगितली की मी तिथेच थांबवते. कामात चूक झाली, ती त्यांनी पदरात घेतली, शिक्षा भोगली आणि काम पुन्हा आपल्या हाताने मिळवलं. मला या बाईचा अभिमान वाटतो. त्यांच्या गाडीने जाते हे मी शाळेत नव्या शिक्षकांना मुद्दाम सांगते.

डोमाजी मागच्या महिन्यात एकदा हट्टाने गाडीत बसले. नातीने हाताला धरून चढवलं. लेकीने पैसे मागितले, त्यांनी ते कमरेच्या पिशवीतून काढून दिले आणि तिकीट खिशात ठेवलं. मग ते मान वर करून दोरीकडे बघत बसले. दोरी हलली तेव्हा शेजारच्याला म्हणाले, "माही पोरगी."

मी रोजच्यासारखी शाळेच्या गावी उतरले. पूर्वी उतरले की तरातरा शाळेकडे निघायची. आता गाडीकडे तोंड करून रस्त्याच्या कडेला उभी राहते, दोन्ही घंट्या ऐकते आणि मगच चालू लागते.